दोनाचे सहा कसे झाले?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. ओपीडीत लालबागच्या एक बाई आल्या होत्या. पन्नाशी ओलांडलेली, लहानपणीच्या रुमॅटिक तापाने हृदयाची मायट्रल झडप निकामी झालेली आणि तिच्या जागी धातूची कृत्रिम झडप बसवलेली. अशा रुग्णांना रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. गोळी कमी पडली तर झडपेवर गुठळी धरते, जास्त झाली तर रक्तस्राव होतो. म्हणून दर महिन्याला ‘आयएनआर’ नावाची तपासणी करायची. या झडपेसाठी तो आकडा साधारण २.५ ते ३.५ च्या दरम्यान राहावा, असा आमचा प्रयत्न असतो.

अशा रुग्णांची एक नोंदवही मी माझ्या जुन्या लॅपटॉपवर बरीच वर्षं ठेवत आलो आहे. नावं नाहीत, फक्त क्रमांक, तारीख, आकडा आणि गोळीचं प्रमाण. बाईंच्या क्रमांकासमोर मागच्या महिन्याचा आकडा दिसला ६.७. माझ्या पोटात गोळाच आला. एवढा आकडा असताना मी गोळी तशीच चालू ठेवली? हिरड्यांतून रक्त येतं का, अंगावर काळेनिळे डाग उठतात का, शौचाला काळं होतं का, सगळं विचारून झालं. बाई प्रत्येक प्रश्नाला नाही म्हणत होत्या. मी पेन उचललं, तेवढ्यात त्या म्हणाल्या, “डॉक्टर, मागच्या वेळी तुम्हीच म्हणालात, बरोबर आहे, हीच गोळी चालू ठेवा.” आणि त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून फाइल काढून माझ्यापुढे सरकवली. लॅबच्या कागदावर स्वच्छ छापलं होतं २.७.

त्या दिवशी पिशवी घरी राहिली असती, तर मी गोळी दोन दिवस बंद करून पुढे कमी केली असती. धातूच्या झडपेला विनाकारण गोळी कमी करणं म्हणजे गुठळीला आमंत्रण, आणि ती गुठळी सुटून मेंदूत गेली तर अर्धांगवायू.

साहजिकच मी स्वतःला दोष दिला. घाईत २ ऐवजी ६ दाबला गेला असेल, चष्म्याचा नंबर वाढला असेल. पण संध्याकाळी नोंदवही नीट पाहिली तेव्हा एका ठिकाणी तारखेत आठाच्या जागी ‘<’ हे चिन्ह दिसलं. हे काही माझ्या बोटांचं काम नव्हतं. तो कळफलकावर आठाच्या आसपासही नाही.

लॅपटॉप २०१३ च्या शेवटी घेतलेला. कारखान्यातून आलेली ४ जीबी रॅम, २०१७ मध्ये मी त्यात आणखी ४ जीबीची पट्टी घालून घेतली होती. गेलं वर्षभर तो कुरकुरत होता. सकाळी ठीक चालायचा, अर्ध्या तासाने अडकायचा, कधी निळा पडदा दाखवून स्वतःच बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचा. ज्याला विचारावं तो एकच निदान करायचा, ‘वय झालं त्याचं, नवीन घ्या.’ मीही ते मान्य केलं होतं. खरं तर मी करायला नको होतं. कारण विसरायला लागलेल्या आजोबांना घेऊन येणारे नातेवाईक नेमकं हेच वाक्य माझ्यासमोर म्हणतात आणि मी त्यांच्यावर वैतागतो. थायरॉइड मंदावलेला असतो, बी-१२ जीवनसत्त्व तळाला गेलेलं असतं, कोणाला झोपेच्या गोळ्या जास्त होत असतात, कोणी तीन आठवड्यांपूर्वी मोरीत घसरून डोकं आपटलेलं असतं आणि कवटीच्या आत हळूहळू रक्त साठत असतं. यातलं बरंचसं दुरुस्त होण्यासारखं असतं. पण ‘वय झालं’ म्हटलं की तपासणीच थांबते.

रविवारी लॅपटॉप घेऊन गिरगावात बहिणीकडे गेलो. भाचा इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याने आधी मला गप्प बसवलं आणि हिस्ट्री घेतली, अगदी आमच्यासारखी. कधीपासून, दिवसाच्या कोणत्या वेळी, काय करताना, मध्ये काही बदललं का.

इथे एक घोळ मिटवायला हवा, कारण तो घरोघरी आहे. ‘मेमरी फुल झाली’ असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेकदा आपल्या मनात साठवणूक असते, म्हणजे हार्ड डिस्क किंवा फोनमधली जागा. रॅम वेगळी. चाळीतल्या स्वयंपाकघरात फडताळ असतं आणि ओटा असतो. सामान फडताळात राहतं, पण काम ओट्यावर होतं. डिस्क म्हणजे फडताळ, रॅम म्हणजे ओटा. वीज गेली की ओटा पुसून लख्ख होतो, फडताळ तसंच राहतं. ओटा लहान पडला की अर्धवट चिरलेली भाजी पुन्हा फडताळात ठेवायची, दुसरं काम करायचं, पुन्हा ती बाहेर काढायची, असं चालतं. संगणकही तेच करतो, आणि जुन्या फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क असेल तर ही ने-आण इतकी संथ असते की माणूस मेटाकुटीला येतो.

जुन्या लॅपटॉपच्या बहुतांश तक्रारी या प्रकारच्याच असतात. रॅम बिघडलेली नसते, अपुरी असते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबली की विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडतो. त्यात मेमरीचा आकडा सतत नव्वद टक्क्यांच्या वर आणि डिस्क शंभरावर अडकलेली दिसली, तर ओटा लहान आहे एवढंच. ब्राउझरच्या वीस टॅब बंद करा, सुरू होतानाच उघडणारे कार्यक्रम कमी करा, जमलं तर रॅम वाढवा आणि तबकडीच्या जागी एसएसडी बसवा. आणखी एक गंमत काही जुन्या यंत्रांत आढळते. ८ जीबी रॅम घातली तरी वापरता येते जेमतेम सव्वातीन-साडेतीन जीबी. तिथे विंडोज ३२ बिटची असते. बत्तीस शून्य-एकांनी जेवढे पत्ते लिहिता येतात त्यांची संख्या ४,२९,४९,६७,२९६, म्हणजे बरोबर ४ जीबी, आणि त्यातलेही काही पत्ते ग्राफिक्ससारखी इतर अंगं अडवून बसतात. गल्लीत घरं कितीही बांधा, पोस्टमनकडे पत्तेच तेवढे.

माझं प्रकरण मात्र निराळं होतं. यंत्र नुसतं मंद नव्हतं, खोटं बोलत होतं.

भाच्याने पेन ड्राइव्हवरची दोन वर्षांपूर्वीची नोंदवहीची प्रत काढली आणि आजच्या प्रतीशी ताडून पाहिली. जुन्या नोंदी मी कधीच बदलत नाही, त्यामुळे तेवढा भाग तंतोतंत जुळायला हवा होता. सात ठिकाणी जुळला नाही. त्याने ती सात ठिकाणं कागदावर मांडली. २ चे ६ झाले होते. १ चे ५. ३ चे ७. आठाच्या जागी ‘<’ आणि एके ठिकाणी नवाच्या जागी ‘=’. तो थोडा वेळ कागदाकडे पाहत राहिला आणि म्हणाला, “मामा, हे सगळं एकच आहे. प्रत्येक वेळी चार वाढलेत.”

संगणकाच्या आत अंक हा आठ शून्य-एकांच्या ओळीने लिहिला जातो. २ हा अंक ००११००१० आणि ६ हा अंक ००११०११०. फरक फक्त एका घराचा, उजवीकडून तिसऱ्या. त्या घराची किंमत ४. नवाच्या संकेतात ४ मिळवले की ‘=’ चा संकेत तयार होतो, आठात मिळवले की ‘<’ चा. ज्यांच्या संकेतात ते घर आधीच १ आहे, म्हणजे ४, ५, ६, ७ हे अंक आणि दशांश टिंबसुद्धा, त्यांना काही झालं नव्हतं. रॅममध्ये कुठेतरी एका घराला शून्य लक्षातच राहत नव्हतं, ते दर वेळी एक सांगत होतं.

हे घर असतं तरी कसं? आजच्या रॅममध्ये प्रत्येक शून्य किंवा एक साठवायला एक अतिसूक्ष्म कपॅसिटर आणि एक ट्रान्झिस्टर असतो. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना या रचनेचं पेटंट १९६८ मध्ये मिळालं, आणि १९७० मध्ये इंटेलने १,०२४ घरांची चिप बाजारात आणली. माझ्या ४ जीबीच्या पट्टीत अशी ३,४३६ कोटी घरं आहेत. कपॅसिटर म्हणजे गळकी घागर. त्यातला विद्युतभार सतत झिरपतो, म्हणून दर ६४ मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक घर वाचून पुन्हा भरावं लागतं. सेकंदाला पंधराहून अधिक वेळा आपण आपली सगळी स्मृती घोकतो आहोत अशी कल्पना करा. तापमान वाढलं की गळती वाढते. काठावरची कमजोर घरं थंड असताना तग धरतात आणि तापल्यावर चुकतात. सकाळी बरा आणि अर्ध्या तासाने आजारी, या लक्षणाचा अर्थ आता लागला. अर्थात पंख्यात धूळ साचून प्रोसेसर तापला तरी असंच होतं, म्हणून एवढ्यावर निदान करता येत नाही.

रॅममधलं घर कधी कधी क्षणापुरतंही चुकतं. १९७८ च्या सुमारास इंटेलच्या टिमोथी मे आणि मरे वुड्स यांनी दाखवलं की चिपच्या आवरणातल्या किंचित किरणोत्सारी अशुद्धींतून निघणारे अल्फा कण एखादं घर पालटवू शकतात. वैश्विक किरणांमुळेही हे होतं. पण ती चूक एकदाच होते, त्याच जागी पुन्हा पुन्हा होत नाही. महत्त्वाच्या सर्व्हरमध्ये अशा चुका पकडून दुरुस्त करणारी रॅम वापरतात. घरगुती लॅपटॉपमध्ये ती सहसा नसते, म्हणून त्याची चूक कोणी त्याच्या लक्षात आणून देत नाही.

मी म्हटलं, आधी सगळं पेन ड्राइव्हवर उतरवून घेऊ. भाचा जवळजवळ ओरडलाच. त्याचं म्हणणं बरोबर होतं आणि या लेखातून वाचकांनी एकच गोष्ट घ्यायची तर ती हीच. फाइल डिस्कवरून पेन ड्राइव्हवर जाताना रॅममधूनच जाते. रॅम खोटी असेल तर बॅकअपही खोटा होतो. इतकंच नव्हे, फाइल उघडून नुसती ‘सेव्ह’ केली तरी सगळी पुन्हा लिहिली जाते, म्हणजे दहा वर्षांपूर्वीची नोंदही आज बिघडू शकते. माझ्याकडे तेच झालं होतं. आणि मी दर महिन्याला त्याच पेन ड्राइव्हवर जुनी प्रत पुसून नवी ठेवत होतो. दोन वर्षांपूर्वीची ती प्रत वेगळ्या नावाने राहून गेली होती, केवळ माझ्या अव्यवस्थितपणामुळे.

संशय पक्का करायला त्याने एक प्रयोग केला. कोणत्याही फाइलचा गणिताने एक ठसा काढता येतो, बोटाच्या ठशासारखा. फाइलमधलं एक अक्षर बदललं तरी ठसा साफ बदलतो. विंडोजमध्ये त्यासाठी ‘सर्टयुटिल’ नावाची सोय आधीपासूनच असते. स्कॅन केलेल्या कागदांची एक भलीमोठी फाइल होती, रॅममध्ये एका वेळी मावणार नाही इतकी. तिचा ठसा त्याने लागोपाठ दोनदा काढला. दोन वेगळे आले. मग लॅपटॉप बंद करून हार्ड डिस्क बाहेर काढली, केसिंगमध्ये घालून त्याच्या संगणकाला जोडली. तिथे तोच ठसा दोनदा काढला, दोन्ही सारखे. फडताळ शाबूत होतं. सगळी सामग्री त्याच्या संगणकावरून उतरवून घेतली आणि मग रुग्णाला टेबलावर घेतलं.

पुढचं काम कोणालाही जमण्यासारखं आहे. चार्जर काढायचा, बॅटरी निघत असेल तर काढायची, चालू करण्याचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरायचं म्हणजे उरलासुरला भार निघून जातो. एखाद्या धातूच्या वस्तूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवायची. मागचं झाकण उघडलं की रॅमची पट्टी दिसते, दोन्ही बाजूंना धातूचे चिमटे. चिमटे बाहेर सरकवले की पट्टी तिरकी वर येते. पट्टीच्या कडेवर सोनेरी दात असतात. गिरगाव-चौपाटीच्या दमट, खाऱ्या हवेत वर्षानुवर्षं राहिलेल्या यंत्रात या दातांवर आणि स्लॉटच्या टोकांवर थर धरतो, संपर्क कच्चा होतो. नुसतं काढून पुन्हा बसवल्यानेही कित्येक लॅपटॉप बरे होतात. कारागीर दात खोडरबराने घासतात. हलक्या हाताने एकदा चालेल, पण सोन्याचा मुलामा फार पातळ असतो, भांडं घासल्यासारखं घासू नये. मी मोठ्या ऐटीने खिशातून इंजेक्शनआधी लावायचा स्पिरिटचा बोळा काढला, तोही भाच्याने नाकारला. त्यात सुमारे ३० टक्के पाणी असतं. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल लागतं, ते इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं.

साफसफाईने आमचा रुग्ण बरा झाला नाही. मग तपासणी. विंडोजची स्वतःची मेमरी डायग्नोस्टिक असते, शोधपट्टीत तेवढं लिहिलं की सापडते, यंत्र पुन्हा सुरू होऊन चाचणी करतं. ती पहिली पायरी. पण ती काठावरचे दोष सोडू शकते. म्हणून आम्ही ‘मेमटेस्ट८६+’ हा मोफत कार्यक्रम पेन ड्राइव्हवर घेतला. तो विंडोजशिवाय थेट सुरू होतो आणि प्रत्येक घरात ठरावीक नमुने लिहून परत वाचतो. पहिली वीस मिनिटं सगळं हिरवंगार. नंतर यंत्र तापलं आणि लाल ओळी उमटू लागल्या, प्रत्येक ओळीत तेच घर चुकलेलं. रक्तदाबासारखं इथे ‘थोडं इकडेतिकडे चालेल’ नसतं. एक चूकसुद्धा जास्तच.

आता दोष पट्टीत की स्लॉटमध्ये? त्याला चार रात्री लागल्या. पहिली पट्टी एकटी पहिल्या स्लॉटमध्ये, मग दुसऱ्या स्लॉटमध्ये, तसंच दुसऱ्या पट्टीचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पहिली पट्टी दोन्ही ठिकाणी निर्दोष, दुसरी दोन्ही ठिकाणी सदोष. दोन्ही पट्ट्या एकाच स्लॉटमध्ये चुकल्या असत्या, तर दोष मदरबोर्डवरचा ठरला असता आणि कथा वेगळी झाली असती. आणि दोषी निघाली ती २०१७ ची, म्हणजे दोघींतली तरुण. २०१३ ची म्हातारी ठणठणीत होती.

नवी पट्टी आणायला लॅमिंग्टन रोडला गेलो. कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण सुटे भाग शोधणाऱ्या मुंबईकराच्या तोंडी अजून १९०३ ते १९०७ या काळातले गव्हर्नर लॅमिंग्टनच आहेत. मी एकटाच गेलो, हे चुकलं. दुकानदाराने विचारलं, “साहब, लो व्होल्टेजवाली चाहिए या नॉर्मल?” नॉर्मल या शब्दाचं आम्हा डॉक्टरांना भलतंच प्रेम. मी नॉर्मल घेऊन आलो. घरी लॅपटॉपचा पडदा काळाच राहिला. डीडीआर३ रॅम १.५ व्होल्टवर चालते, डीडीआर३एल १.३५ वर, आणि २०१३ च्या सुमाराच्या प्रोसेसरपासून अनेक लॅपटॉपना ही दुसरीच लागते. दोन्हींचे दात २०४, खाच एकाच जागी, बसते दोन्ही सारखीच. डीडीआर४ चे दात २६० असल्याने ती निदान बसतच नाही, चूक लगेच कळते. तेव्हा दुकानात जाताना जुनी पट्टी खिशात घालून न्या आणि लेबलवर ‘पीसी३’ पुढे ‘एल’ आहे का पाहा. दुसऱ्या दिवशी त्यांनी बदलून दिली, आणि ती लावल्यावरही आम्ही रात्रभर मेमटेस्ट चालवली. नवी म्हणून विश्वास ठेवायचा नाही, हे एव्हाना शिकलो होतो.

बारा वर्षांच्या यंत्रावर एवढी यातायात कशाला, असं घरी विचारलं गेलंच. त्या प्रश्नाला थोडा आधार आहे. विंडोज १०चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि एवढा जुना प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाही. इंटरनेटवर जोडायचा तर त्यावर लिनक्स घालणं शहाणपणाचं, आणि भाच्याने ते घातलं आहे. ८ जीबीत ते मजेत चालतं. आपल्याच मुंबईत टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमधल्या तरुण चमूने बांधलेला ‘टिफरॅक’ हा संगणक १९६० मध्ये सुरू झाला, त्याची मुख्य स्मृती ४० बिटांच्या २,०४८ शब्दांची होती, म्हणजे १० किलोबाइट. लोखंडी फेराइटच्या बारीक कड्या तारांत ओवून ती तयार केलेली. वीज गेली तरी त्या कड्या विसरत नसत, हा एक गुण आपण मागे सोडून आलो. त्या यंत्रावर वैज्ञानिकांनी काही वर्षं गणितं केली. माझ्या लॅपटॉपकडे त्याच्या आठ लाखपट जागा आहे, आणि मला त्यात आकड्यांचे चार स्तंभ ठेवायचे आहेत.

सदोष पट्टीवर लाल मार्करने फुली मारून ती ई-कचरा गोळा करणाऱ्याला दिली. टेबलाच्या खणात ठेवली असती तर कधी तरी कोणी तरी ‘चांगली दिसते’ म्हणून दुसऱ्या यंत्रात घातली असती.

राहिली नोंदवही. दोन वर्षांपूर्वीच्या प्रतीमुळे त्याआधीचं सगळं सावरलं, ती सात ठिकाणंही. नंतरच्या नोंदींना जुनी प्रत नव्हती. त्या तीन रविवार बसून मूळ केस पेपरशी एकेक ताडून पाहिल्या. बाईंचा २.७ पुन्हा जागेवर आला. आणखी चार आकडे बदललेले सापडले, सुदैवाने त्यांच्यावरून कोणाची गोळी बदलली गेली नव्हती. दोन रुग्णांचे जुने कागद काही मिळाले नाहीत, त्यांच्याकडेही नव्हते. तिथे ५.१ आणि ६.३ असे आकडे आहेत. खरे असू शकतात, किंवा १.१ आणि २.३ असतील. त्या दोन जागा मी रिकाम्या केल्या आहेत आणि शेजारी तारीख घालून तसं लिहून ठेवलं आहे.